आगगाडी आणि इस्टेट

दि. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली आगगाडी सुमारे चारशे उतारूंसह २१ मैलांवरील ठाण्यास पोचली. या अपूर्व यंत्रापुढे आपले पूर्वज केवळ भयभीत झाले, असे मानणे युक्त नव्हे. त्याला पडलेले नावच पाहावे. ‘आग’ आणि ‘गाडी’ हे दोन्ही घरोघरचे शब्द. ‘आगबोट’ हा साचाही हाताशी होता. अपरिचितास परिचित करून घेणे, हीच येथे लोकांची प्रतिक्रिया होय. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच ठाण्यात वागळे इस्टेट आकारास आली. या वेळी मात्र नवा शब्द घडला नाही. मालमत्तावाचक ‘इस्टेट’ हाच कारखान्यांच्या वसाहतीस लागला. पहिल्या नावात विस्मय आहे, दुसऱ्यात सवय. म्हणून लोकमताच्या इतिहासकाराने वृत्तपत्रांबरोबर नामांचीही साक्ष घ्यावी.