कयाक : नवशिक्यांचे सागरी शिक्षण

कयाक ही ग्रीनलंड, उत्तर कॅनडा व अलास्का येथील इन्युइट (ज्यांना पूर्वी एस्किमो म्हणत) लोकांची अरुंद, हलकी व वरून झाकलेली नौका होय. ती दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवितात. सीलसारख्या सागरी प्राण्यांची शिकार आणि काही भागांत मासेमारी हे तिचे मुख्य उपयोग होत. ग्रीनलंडमधील कयाकीत एकच माणूस बसू शकतो. त्यामुळे ती चालविण्याची विद्या शिष्याच्या शेजारी बसून शिकविता येत नाही. शिकणारा आपल्या नौकेत एकटा असतो, तर शिकविणारा काही हातांच्या अंतरावर दुसऱ्या नौकेत असतो. एक चूक झाली, तर गोठणबिंदूच्या जवळपास तापमान असलेल्या पाण्यात शिकणाऱ्याच्या हाती थोडीच मिनिटे उरतात. या परिस्थितीतून ग्रीनलंडमध्ये नवशिक्यांना समुद्रावर नेण्याची जी पद्धत निर्माण झाली, तिचे दोन आधार होते : क्रमाक्रमाने दिलेले शिक्षण आणि सोबत. पुढे ही नौका जगभर पसरली. मात्र तिच्याबरोबर ही पद्धत नेहमीच पोहोचली असे नाही.

रचना व प्राचीनता : पारंपरिक ग्रीनलंडी कयाक सु. ५ मी. लांब आणि सु. ५० सेंमी. रुंद असते. वृक्षहीन प्रदेशात समुद्राने वाहून आणलेल्या लाकडाचा सांगाडा करून त्यावर सीलचे कातडे ताणून बसवीत. सांगाडा पुरुष तयार करीत, तर कातडे कमावणे व पाणी आत शिरणार नाही अशा बेताने प्राण्यांच्या स्नायुतंतूंनी शिवणे हे स्त्रियांचे काम असे. नौकेची मापे मालकाच्या शरीरावरून ठरत. त्यामुळे ती त्याच्या अंगाला वस्त्रासारखी बसे. शिकारी जो जलाभेद्य अंगरखा घालीत असे, त्याची खालची कड बैठकीच्या कड्याभोवती घट्ट बांधली जाई. त्यामुळे नौका उलटली तरी आत पाणी येत नसे. पश्चिम ग्रीनलंडमध्ये केकेर्तासुस्सुक येथील उत्खननात सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या सक्काक संस्कृतीच्या थरांत कयाकसदृश नौकांच्या सांगाड्यांचे तुकडे मिळाले आहेत. त्यावरून या नौकेची परंपरा किती जुनी आहे, याची कल्पना येते.

पारंपरिक शिक्षणक्रम : शिक्षणाचा आरंभ जमिनीवर होई. दोन आधारांमध्ये ताणलेल्या दोरांवर मुले कसरती करीत. त्यांमुळे हात, खांदे व कंबर बळकट होऊन शरीराचा तोल सांभाळण्याची सवय लागे. हारपून म्हणजे दोर बांधलेला भाला फेकण्याचा सरावही लहानपणीच सुरू होई. मुलगा थोडा मोठा झाला, की बाप त्याच्या मापाची छोटी कयाक तयार करून देई. प्रथम किनाऱ्याजवळच्या शांत पाण्यात बाप वा अन्य वडीलधारा पुरुष मुलाच्या कयाकीला आपली कयाक भिडवून तोल धरण्यास शिकवी. त्यानंतर कलंडणे आणि पुन्हा सरळ होणे यांचा अभ्यास चाले. प्रारंभी मुलगा सोबत्याच्या नौकेच्या नाळेला म्हणजे पुढच्या टोकाला धरून वर येई, नंतर वल्ह्याच्या आधाराने, तर निष्णात माणूस केवळ हारपूनफेकीच्या काठीने वा रिकाम्या हाताने सरळ होत असे.

मोरेव्हियन मिशनशी संबंधित लेखक डेव्हिड क्रान्झ याने १७६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रीनलंडच्या इतिहासात अशा सरावाचे सुमारे दहा प्रकार वर्णिले आहेत. वल्हे हातातून निसटले आहे, हारपूनचा दोर वल्ह्याला गुंतला आहे, असे प्रसंग मुद्दाम निर्माण करून हा सराव केला जाई, हे त्याचे वर्णन महत्त्वाचे आहे. त्यावरून हे खेळ मनोरंजनासाठी नव्हते, हे स्पष्ट होते. दोराने बांधलेला सील नौका ओढू लागला म्हणजे जे घडू शकते, त्याचीच ती पूर्वतयारी होती. मुलाने पहिला सील मारून आणला, की त्याचे मांस वस्तीत वाटले जाई. घराला एक अन्नदाता मिळाल्याची ती जाहीर नोंद असे. उलट, कुटुंबातील कयाक चालविणारा पुरुष बुडाला, की मांस, चरबीच्या दिव्याचे इंधन व कातडी हे सर्वच एकदम बंद होई. नवशिक्याच्या शिक्षणात घाई न करण्याचे कारण या अर्थव्यवस्थेत होते.

कयाकभोवळ : सोबत्याचे महत्त्व एका विलक्षण विकारावरून दिसून येते. ग्रीनलंडी भाषेत त्यास ‘नांगिआर्नेक’ म्हणतात. एकोणिसाव्या शतकापासून डॅनिश डॉक्टरांनी त्याची नोंद घेतली. वारा पडलेला, समुद्र आरशासारखा स्तब्ध, समोरून ऊन येत आहे आणि शिकारी एकटा निश्चल बसून सीलची वाट पाहत आहे, अशा वेळी हा विकार जडे. नौकेची नाळ वर उचलली जात आहे, नौका एका बाजूस झुकत आहे, पायांकडून गारठा वर चढत आहे, असे भास होऊन माणूस हालचाल करण्यासही धजत नसे. पाण्यावर आघात करून प्रतिबिंब मोडले, वारा सुटला किंवा दुसरी कयाक जवळ येऊन भिडली, की भोवळ ओसरे. काहींना हा अनुभव वारंवार आल्याने त्यांना कयाक कायमची सोडावी लागली आणि त्यांची कुटुंबे इतरांवर अवलंबून राहिली. वादळात बुडणाऱ्याची गोष्ट कोणासही कळते. परंतु निवांत समुद्रातही एकटेपणा घातक ठरू शकतो, हे ज्ञान अनुभवी लोकांकडूनच नवशिक्याला मिळे.

मासेमारी आणि परंपरेचा ऱ्हास : विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मोठे परिवर्तन घडून आले. समुद्राचे पाणी उबदार होऊ लागले, सील कमी झाले आणि कॉड माशांचे थवे किनाऱ्याजवळ येऊ लागले. १९०८–०९ मधील ‘त्याल्फे’ या जहाजावरील मोहिमेने येथील मत्स्यसंपत्तीची पाहणी केली आणि डॅनिश शासनाने व्यापारी मासेमारीस उत्तेजन दिले. प्रारंभी अनेक कोळी कयाकीत बसूनच गळाच्या दोरीने कॉड व हॅलिबट पकडीत. परंतु अरुंद कयाकीत मोठी मासळी साठविता येत नाही. म्हणून वल्ह्यांच्या रुंद होड्या आणि त्यानंतर यांत्रिक होड्या प्रचारात आल्या. होडीत अनेक माणसे एकत्र बसत असल्याने मुलाला एकट्याने तोल सांभाळण्यास शिकविण्याची गरज उरली नाही. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर बहुतेक भागांत बापाकडून मुलाकडे येणारी ही विद्या खंडित झाली. वायव्येकडील कानाक परिसरात मात्र नार्व्हालच्या म्हणजे एकदंती देवमाशाच्या शिकारीत कयाकीचा वापर टिकून राहिला.

यूरोपीय शिष्य : यूरोपात कयाकीचे अनुकरण क्रीडेच्या रूपाने झाले. जॉन मॅक्ग्रेगर या स्कॉटिश गृहस्थाने १८६५ मध्ये ‘रॉब रॉय’ नावाच्या छोट्या लाकडी नौकेतून यूरोपातील नद्यांचा प्रवास केला. त्यावरील त्याच्या पुस्तकाने हा छंद लोकप्रिय झाला. नॉर्वेजियन समन्वेषक फ्रित्यॉफ नान्सेन याने ग्रीनलंडचे हिमक्षेत्र ओलांडल्यावर १८८८–८९ चा हिवाळा गॉटहॉब (आताचे नूक) येथे काढला आणि स्थानिक लोकांकडून कयाक चालविणे शिकून घेतले. ऑस्ट्रियाचा एडी हान्स पावलाटा याने १९२७ मध्ये, ग्रीनलंडला न जाता, केवळ वर्णने वाचून उलटलेली कयाक सरळ करण्याची क्रिया साध्य केली. असे करणारा पहिला यूरोपीय म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

ब्रिटिश समन्वेषक जिनो वॉटकिन्स याची कहाणी या इतिहासात विशेष बोलकी आहे. १९३०–३१ च्या मोहिमेत त्याने व त्याच्या सहकाऱ्यांनी पूर्व ग्रीनलंडमधील शिकाऱ्यांकडून कयाकविद्येचे रीतसर धडे घेतले. उलटलेली कयाक सरळ करण्यात तो निपुण झाला. मोहिमेला अन्न मिळवून देण्यासाठी तो सीलची शिकारही करी. २० ऑगस्ट १९३२ रोजी, दुसऱ्या मोहिमेत, तो एकटाच शिकारीस गेला. त्याच दिवशी सहकाऱ्यांना त्याची रिकामी कयाक तरंगताना आढळली. जवळच्या बर्फाच्या लादीवर त्याची काही वस्त्रे मिळाली, देह मात्र कधीच सापडला नाही. त्या वेळी तो अवघ्या २५ वर्षांचा होता. त्याच्या मृत्यूचे निश्चित कारण कळलेले नाही. परंतु जवळ दुसरी कयाक नव्हती, एवढे निर्विवाद आहे. हातांचे कौशल्य त्याने पूर्णपणे आत्मसात केले होते. कौशल्य अपुरे पडते त्या क्षणासाठी असलेली सोबत मात्र त्या दिवशी नव्हती.

लाइम उपसागराची दुर्घटना : दुसऱ्या महायुद्धानंतर कृत्रिम तंतू व प्लॅस्टिक यांच्या स्वस्त कयाकी मिळू लागल्या आणि शाळांच्या सहलींतही त्यांचा समावेश झाला. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रीजस येथून आठ विद्यार्थी, त्यांचे एक शिक्षक व दोन प्रशिक्षक कयाकींतून निघाले. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहत होता. शिक्षकांची नौका वारंवार उलटू लागल्याने एक प्रशिक्षक त्यांच्यापाशी थांबला आणि उरलेला गट दूर वाहत गेला. लाटांचे पाणी भरून एकेक नौका बुडाली. तटरक्षकांना सूचना मिळण्यास विलंब झाला आणि चार विद्यार्थी मृत्यू पावले. १९९४ मध्ये केंद्र चालविणारी कंपनी व तिचा संचालक मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले. त्यानंतर १९९५ मध्ये ब्रिटिश संसदेने मुलांसाठी साहसी उपक्रम चालविणाऱ्या केंद्रांना परवाना बंधनकारक करणारा कायदा केला. नवशिक्यांच्या मार्गदर्शकाची पात्रता, गटाचा आकार, हवामानाची पाहणी व साहाय्य मागण्याची साधने ही त्यानंतर मार्गदर्शकाच्या मर्जीची बाब राहिली नाही. ग्रीनलंडमधील बाप जो नियम उपजीविकेच्या गरजेने पाळीत असे, तोच येथे चार जीव गेल्यावर कायद्याने लागू करावा लागला.

पुनरुज्जीवन व आधुनिक मासेमारी : ग्रीनलंडला १९७९ मध्ये स्वशासन मिळाल्यावर तेथील सांस्कृतिक जागृतीत कयाकीला मानाचे स्थान प्राप्त झाले. १९८०–९० या दशकाच्या मध्यास कयाकसंघ स्थापन होऊन वार्षिक स्पर्धा सुरू झाल्या. दोरांवरील कसरती, हारपूनफेक आणि नौका सरळ करण्याचे विविध प्रकार यांचा त्यांत समावेश असतो. वृद्ध शिकाऱ्यांच्या स्मरणात उरलेली विद्या अशा रीतीने तरुणांकडे आली.

याच सुमारास मासेमारीसाठी कयाकीचा एक नवा प्रकार पुढे आला. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात १९७०–८० या दशकात टिम नीमियर याने वर बसून चालविण्याची, आरपार छिद्रांतून पाणी आपोआप निथळणारी कयाक विकसित केली. ती उलटली तर माणूस आत अडकत नाही आणि पाण्यातून पुन्हा वर चढता येते. त्यामुळे हौशी मासेमारांत ती लोकप्रिय झाली. परंतु तिच्यावर चढणे सोपे असल्यामुळेच नवशिक्याला धोक्याची जाणीव उशिरा होते. म्हणून जाणते मार्गदर्शक गळ हाती देण्यापूर्वी उथळ पाण्यात नौका उलटवून पुन्हा चढण्याचा सराव करून घेतात. ते किनाऱ्यावरून बाहेर वाहणारा वारा असता समुद्रावर जाणे टाळतात. तसेच तरंगजाकीट अंगातून काढू देत नाहीत व गट विखरू देत नाहीत. मोठा मासा गळाला लागला असता कयाक ओढली जाते आणि माणसाचे लक्ष तोलावरून उडते. क्रान्झने वर्णिलेल्या हारपूनच्या दोराचाच हा प्रसंग होय. कयाकीची सामग्री कातड्याकडून प्लॅस्टिककडे आणि हेतू उपजीविकेकडून विरंगुळ्याकडे गेला. थंड पाणी, वारा व माणसाच्या शरीराची मर्यादा मात्र बदललेली नाही. त्यामुळे नवशिक्याजवळ, हात पोहोचेल एवढ्या अंतरावर, दुसरी कयाक असावी हा ग्रीनलंडी नियम आजही या विद्येचा पहिला पाठ आहे.