सातावर नाव, बारावर भात

मुंबई-नाशिक महामार्गावरचं वडपे आता गोदामांमुळे ओळखलं जातं. समृद्धी महामार्गही शेजारच्या आमण्याला येऊन टेकला. तरी भिवंडी तालुक्यात भातखाचरं उरली आहेत आणि आवणीही होते. सातबाऱ्यावर नाव असलेल्या शेतकऱ्याच्या खात्यात वर्षातून तीनदा दोन-दोन हजार रुपये येतात. ही पंतप्रधान किसान सन्मान निधी योजना २४ फेब्रुवारी २०१९ रोजी सुरू झाली. राज्याने २०२३ मध्ये ‘नमो शेतकरी’ योजनेतून वर्षाला आणखी सहा हजारांची भर घातली.

सरकारने शेतकऱ्याच्या हाती पैसा ठेवण्याची रीत मात्र बरीच जुनी आहे. ५ सप्टेंबर १६७६ च्या पत्रात शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना गावोगाव फिरून कुणबी गोळा करायला सांगितलं. ज्याच्याजवळ कसायला माणसं आहेत पण बैल नाहीत, पोटाला दाणा नाही, त्याला बैलांसाठी रोख पैसे आणि खायला धान्य द्यायचं. वसुली करायची ती वाढीदिढी न घेता, मुद्दलापुरती, त्याला ताकद येईल तशी. पुढे इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ चे कायदे करून तगाई दिली. पहिला कायदा विहिरी-बांधबंदिस्तीसाठी, दुसरा बी-बियाणं आणि बैलांसाठी. तिच्यावर व्याज होतं आणि थकली तर ती शेतसाऱ्यासारखी वसूल व्हायची.

आजचा हप्ता परत करावा लागत नाही, हे मोठंच पाऊल आहे. पण महाराजांच्या सुभेदाराने कसणारा शोधायचा होता. आजची योजना मालक शोधते. गावनमुना सात जमीन कोणाची ते सांगतो, बारा त्यात काय पिकलं ते. हप्ता ठरतो सातावरून. दुसऱ्याचं खाचर अर्धेलीने किंवा खंडाने लावणाऱ्याचं नाव तिथे नसतं. चिखलात तो उभा राहतो, पैसे दुसऱ्याच्या खात्यात जातात. मला हे सरळ अन्यायाचं वाटतं.

पैसे कसणाऱ्याऐवजी जमिनीला बांधले की काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. तिथल्या सरकारने १९९६ मध्ये अनुदान चालू पिकापासून तोडून जुन्या लागवडीच्या क्षेत्राशी जोडलं. परिणाम असा, की टेक्सासात भातजमिनींचे प्लॉट पडून घरं झाली तरी मालकांना भाताचे पैसे मिळत राहिले. आपल्याकडे बिगरशेती वापराची जमीन योजनेत बसत नाही. गोदामांच्या मुलखात ही अट मोलाची आहे. पण शेतात राबणाऱ्याचा प्रश्न तिने सुटत नाही.

खंडाचा व्यवहार कागदावर का येत नाही, हेही समजून घ्यायला हवं. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कूळकायद्याने कसणाऱ्यांना मालक केलं. ते योग्यच झालं. पण तेव्हापासून जमीनमालक कोणाला लेखी खंड देताना धास्तावतो, आणि तोंडी बोलीवर कसणाऱ्याला सरकार ओळखत नाही.

यातून वाट काढता येते. ओडिशाने ‘कालिया’ योजनेत वाटेकरी आणि भूमिहीनांनाही धरलं. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून अकरा महिन्यांच्या कराराची सोय केली. त्यात मालकी मालकाकडेच राहते, आणि कसणाऱ्याला पीककर्ज, पीकविमा आणि नुकसानभरपाईसाठी दाखवायला कागद मिळतो.