हरणासाठी एक गोळी, अस्वलासाठी दुसरी

आजचा विषय वाचून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला, बंदूक कधी हातात न धरलेला माणूस शिकारीच्या गोळ्यांवर काय बोलणार? खरं आहे. पण हा विषय मी शोधला नाही, तो मला एका दुकानात भेटला.

काही वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी मिशिगनला मुलीकडे होतो. तिथे १५ नोव्हेंबरला बंदुकीने हरणं मारायचा हंगाम सुरू होतो. जावयांबरोबर हातमोजे घ्यायला म्हणून खेळाच्या सामानाच्या दुकानात गेलो, तर काउंटरवर काडतुसांची दोन खोकी उघडी होती. दोन्ही एकाच रिव्हॉल्व्हरची, एकाच मापाची. एका गोळीचं टोक पोकळ, दुसरीचं भरीव, सपाट आणि राखाडी. विक्रेता म्हणाला, ‘ही हरणाला. ती दुसरी, अलास्कात जाणार असाल तर, अस्वलाला.’ पोकळ टोकाची गोळी शरीरात शिरली की फुलते, एवढं मला ऐकून माहीत होतं. मी विचारलं, मग मोठ्या जनावराला जास्त फुलणारी नको का? तो हसून म्हणाला, ‘नेमकं उलटं.’ हे ‘उलटं’ कुठून आलं, ते आज बघू.

सुरुवात १८०५ पासून करू. लुईस आणि क्लार्क यांची मोहीम मिसुरी नदीतून पश्चिमेकडे चालली होती. ५ मे रोजी, आजच्या मोंटाना राज्यात, त्यांनी एक ग्रिझली अस्वल मारलं. लुईसने रोजनिशीत नोंद केली आहे, की त्याला दहा गोळ्या लागल्या, त्यातल्या पाच फुप्फुसांतून गेल्या. तरी ते अर्ध्याहून जास्त नदी पोहून गेलं आणि मरायला किमान वीस मिनिटं लागली. वीस मिनिटं! अस्वलाची ताकद तर यात दिसतेच, पण त्याची यातनाही दिसते. इथून पुढचा सगळा इतिहास ही वीस मिनिटं कमी करण्याचा आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता हातातल्या बंदुकीकडे येऊ. १९३५ साली स्मिथ अँड वेसनने पॉइंट थ्री फिफ्टी सेव्हन मॅग्नम आणली. कंपनीचे डग्लस वेसन स्वतः ती घेऊन मोठ्या शिकारीला गेले, लोकांना पटावं म्हणून. पण या कथेचा खरा नायक आयडाहोमधला गुराखी-लेखक एल्मर कीथ. पॉइंट फॉर्टी फोरच्या जुन्या काडतुसात जास्त दारू भरून तो वर्षानुवर्षं प्रयोग करत होता. अखेर १९५५ च्या शेवटी पॉइंट फॉर्टी फोर मॅग्नम बाजारात आली, त्यामागे त्याचा आग्रह होता.

कीथचं मोठं काम मात्र गोळीच्या आकाराचं. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्याने सुमारे सोळा ग्रॅमची, पुढून सपाट आणि कडेला धारदार खांदा असलेली शिशाची गोळी आखली. गोल टोकाची गोळी मांसाला बाजूला सारत जाते. सपाट टोकाची गोळी कागदाला पंच भोक पाडतो तशी कापत जाते. शिसं मऊ असतं, म्हणून त्यात कथील आणि अँटिमनी मिसळून ते कडक करतात. गंमत अशी, की छापखान्यातल्या लायनोटाइपचा धातू हेच मिश्रण! आपल्याकडे ज्यांनी खिळे जुळवणारे छापखाने पाहिलेत त्यांना हे कळेल. ज्या धातूने बातम्या छापल्या, तोच वितळवून तिकडे कित्येकांनी घरी गोळ्या ओतल्या.

तर मग दोन गोळ्या कशासाठी? रायफलची गोळी सेकंदाला आठ-नऊशे मीटर वेगाने जाते, त्या धक्क्यानेच आजूबाजूचं मांस फाटतं. रिव्हॉल्व्हरची गोळी याच्या निम्म्या वेगाने जाते. तिच्या बाबतीत भरवसा फक्त भोकाचा, ते किती रुंद आणि किती खोल यावर सगळं. आणि ही ओढाताण आहे. गोळी फुलली की भोक रुंद होतं, पण ती लवकर थांबते. हरणाची छाती अरुंद, बरगड्या पातळ. फुललेली गोळीही तिथे फुप्फुसांपार जाते, रक्तस्राव वेगाने होतो आणि जनावर लवकर कोसळतं. अस्वलाला जाड केस, चरबी, दाट स्नायू, खांद्याची भक्कम हाडं. फुललेली गोळी वाटेतच अडकू शकते. म्हणून तिथे जड, कडक, न फुलणारी गोळी, जी खोल पोचेल. १९६० च्या दशकात हलक्या, वेगवान, पोकळ टोकाच्या गोळ्यांची लाट आली. त्या माणसांशी सामना डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या होत्या. हरणाच्या खांद्यावर त्या वरच्यावर फुटायच्या आणि जखमी हरीण रानात निघून जायचं.

इथे आपल्या देशाचा संबंध येतो. कोलकात्याच्या विमानतळाला लोक अजून दमदम म्हणतात. १८९५ च्या चित्राल मोहिमेनंतर इंग्रज सैन्याची तक्रार होती, की नवी पॉइंट थ्री नॉट थ्रीची गोळी माणसातून आरपार जाते, पण तो थांबत नाही. दमदमच्या कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी गोळीच्या टोकावरचं धातूचं आवरण काढून शिसं उघडं ठेवलं. ती शरीरात फुलू लागली. १८९९ साली हेगच्या परिषदेत अशा गोळ्यांवर युद्धात बंदी आली. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात होते. ब्रिटनचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा, की सुसंस्कृत सैनिक जखमी झाला की मागे फिरतो, ‘रानटी’ माणूस मात्र चालून येतच राहतो. ऐकलंत? आज अलास्कात अस्वलाबद्दल जे बोलतात, ते तेव्हा सरहद्दीवरच्या माणसांबद्दल बोललं गेलं. ब्रिटनने ही बंदी १९०७ मध्ये मान्य केली.

आणि आता विरोधाभास बघा. जी गोळी युद्धात निषिद्ध, तीच हरणासाठी सक्तीची. इंग्लंड-वेल्सचा १९९१ चा हरीणविषयक कायदा रायफलसाठी मऊ किंवा पोकळ टोकाचीच गोळी मागतो. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत पूर्ण आवरणाची सैनिकी गोळी शिकारीला चालत नाही. हा ढोंगीपणा आहे का? मला तसं वाटत नाही. युद्धात हेतू सैनिकाला लढाईतून बाहेर काढण्याचा. तो जगला तरी हेतू साधतो, म्हणून जखम वाढवणं म्हणजे अनावश्यक यातना. शिकारीत मरण ठरलेलंच. तिथे छोटी, स्वच्छ जखम म्हणजेच लांबलेली यातना. तत्त्व एकच, परिस्थिती बदलली की आज्ञा उलटी होते. नीतिशास्त्राच्या वर्गात हे समजावताना माझा घसा कोरडा पडायचा. त्या विक्रेत्याने दोन खोक्यांत समजावलं.

कथा इथे संपत नाही. शिकारी जनावराची आतडी रानातच टाकतात, त्यात शिशाचे कण राहतात. कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर ते खाऊन विषबाधेने मरत. १९८२ मध्ये हे पक्षी जेमतेम २२ उरले होते. शिसं हे त्यामागचं एक मोठं कारण. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. आता तांब्याच्या गोळ्या वापरतात. म्हणजे गोळी निवडताना आधी समोरच्या जनावराचा विचार आला, मग त्याचे अवशेष खाणाऱ्या पक्ष्याचाही आला.

एका श्रोत्यांची चिठ्ठी आली आहे, ‘सर, मुळात मारायचंच कशाला?’ रास्त प्रश्न. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याचं बरंचसं उत्तर दिलं आहे, आणि मी स्वतः चाप ओढणार नाही. पण ज्याने ओढायचं ठरवलं, त्याची नीती तिथे संपते का? मला वाटतं, त्या क्षणी त्याच्यावरची जबाबदारी वाढते. नेम लागेल एवढं जवळ जाणं, योग्य गोळी भरणं, खात्री नसेल तर हात खाली घेणं, हे सगळं तो त्या जनावराला देणं लागतो.

जावयांनी कुठलं खोकं घेतलं, असं कोणी विचारण्याआधीच सांगतो. आम्ही हातमोजे घेतले आणि घरी आलो.