रेक्स नावाचा कुत्रा आणि आईचा फोन

आज आवाजावर चालणाऱ्या यंत्रांची गोष्ट. रेकॉर्डिंगआधी मी घरातल्या स्मार्ट स्पीकरचा माइक बंद केलाय. त्याला हाक मारायचे शब्दही या भागात उच्चारणार नाहीये. उगाच तुमच्या कुणाच्या घरात दिवे लागायचे.

विषय सुचला आईमुळे. तिच्या स्पीकरची जुनी रेकॉर्डिंग्ज मी ॲपमध्ये सहज चाळत होतो. दहा मिनिटांचा टायमर लाव, उद्या पाऊस आहे का, असंच सगळं. मधेच नऊ सेकंदांचं एक निघालं. आई फोनवर मावशीला बाबांच्या बायॉप्सीबद्दल सांगतेय. मला तेव्हा घरी कुणी काही बोललंच नव्हतं. (रिपोर्ट चांगला आला, काळजी नको.) स्पीकरला कुणी हाक मारली नव्हती. बोलण्यातलं काहीतरी त्याला आपल्या नावासारखं वाटलं, इतकंच.

हा घोळ शंभर वर्षं जुना आहे बरं का. १९२०च्या दशकात अमेरिकेत 'रेडिओ रेक्स' नावाचं खेळणं मिळायचं. छोट्याशा घरात बसलेला कुत्रा, 'रेक्स' म्हटलं की टुणकन बाहेर. आत इलेक्ट्रोमॅग्नेट त्याला धरून ठेवायचा आणि मागे स्प्रिंग. मोठ्या माणसाने 'रेक्स' म्हटलं की त्यातल्या 'ए'मध्ये साधारण ५०० हर्ट्‌झच्या आसपास जोर असतो. त्या कंपनाने सर्किट तुटायचं, चुंबकाची पकड सुटायची, कुत्रा बाहेर. म्हणजे रेक्सला नाव कळतच नव्हतं. त्याच पट्टीतला दुसरा आवाजही त्याला चालला असता. पण चुकून बाहेर आला तरी बिघडायचं काय? त्याने ऐकलेलं कुठेच जात नव्हतं.

आता १९५२ साल. बेल लॅब्जमध्ये 'ऑड्री' नावाचं यंत्र तयार झालं. ते बोललेले आकडे ओळखायचं, तेही ज्याच्या आवाजाशी जुळवलंय त्याचेच नीट. त्याच वर्षी मॉस्कोत अमेरिकन राजदूताच्या घरात भिंतीवरचं एक लाकडी राजचिन्ह उघडलं गेलं. १९४५ मध्ये सोव्हिएत मुलांनी दिलेली ती भेट. आत लेव्ह थेरेमिनने बनवलेलं ऐकण्याचं यंत्र होतं. बॅटरी नाही, वायर नाही. बाहेरून रेडिओलहरी सोडल्या की ते जागं व्हायचं. सात वर्षं कुणाला पत्ता नव्हता! एक यंत्र आकडा ओळखून मोकळं होणारं, दुसरं काहीही न समजता सगळं पुढे पोचवणारं. माझ्या मते आपल्या टेबलावरचा स्पीकर या दोघांचंही अपत्य आहे.

मधला काळ पटकन. १९६२ मध्ये आयबीएमच्या 'शूबॉक्स'ला १६ शब्द यायचे. १९७६ मध्ये कार्नेगी मेलनच्या 'हार्पी'ला १,०११. तिथल्या या कामामागे आपल्या आंध्रातले राज रेड्डी होते. खरा बदल २०११ मध्ये आयफोनवर सिरी आली तेव्हा झाला. ऐकायचं फोनने, समजून घ्यायचं दूरच्या सर्व्हरने. २०१४ मध्ये ॲमेझॉनचा एको आला आणि हेच हॉलमध्ये येऊन बसलं.

इथे इंजिनिअर म्हणून थोडं सांगतो. स्पीकर सतत ऐकतो, पण सतत पाठवत नाही. शेवटचे काही सेकंद आत ठेवतो, पुसतो, पुन्हा ठेवतो. एक छोटं मॉडेल एवढंच बघतं, की हे माझं नाव आहे का? आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला की आवाज सर्व्हरकडे रवाना. मर्यादा कडक ठेवली तर दहा हाका मारल्यावर ऐकतो आणि आपण वैतागतो. सैल ठेवली तर मावशीचा फोन जातो. शून्य चुकांची जागा नाहीच.

आणि पुढे माणसं असतात. जुलै २०१९ मध्ये बेल्जियमच्या व्हीआरटी वाहिनीने गूगल असिस्टंटची हजाराहून जास्त रेकॉर्डिंग्ज ऐकली. कंत्राटी कामगार ती तपासत होते. त्यातली १५३ हाक न मारताच झालेली होती. बेडरूममधलं बोलणं, फोन, सगळं त्यात होतं. त्याच महिन्यात सिरीचंही तसंच उघडकीला आलं. ॲपलने माफी मागितली आणि पुढे वापरणाऱ्याची परवानगी घ्यायचं ठरवलं. उलट मार्च २०२५ मध्ये ॲमेझॉनने, काही एकोंवर असलेली आवाज क्लाउडला न पाठवण्याची सोयच काढून टाकली.

खरं सांगू? पहिल्या नोकरीत मी स्वतः महिनाभर हे काम केलंय. हेडफोन लावायचा, तुकडा ऐकायचा, काय बोललं ते टाइप करायचं. नावं नसायची. पण मागे रडणारं पोर, कुणाचा तरी खोकला, हे ऐकू यायचंच. तेव्हा मला त्यात काही खटकलं नव्हतं. यंत्र चुकतंय कुठे ते कळायला कुणीतरी ऐकावंच लागतं. २०१८ मध्ये गूगल असिस्टंटला मराठी यायला लागलं, तेव्हा मी किती खूश झालो होतो!

आईला ते नऊ सेकंद ऐकवले. ती गप्प झाली. मग म्हणाली, "आणखी कुणी ऐकलं का रे?"

मी म्हणालो, माहीत नाही.

रेकॉर्डिंग डिलीट केलं. आपोआप पुसायचं सेटिंग चालू केलं. तुमच्याही ॲपमध्ये प्रायव्हसीखाली मिळेल, बघा. स्पीकर मात्र तिने काढू दिला नाही. कणकेच्या हातांनी टायमर कसा लावणार? फक्त मावशीचा फोन आला की आता ती गॅलरीत जाते.