दुष्काळातील उपकारस्तुती : सोलापूर ते केडगाव

१/ मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत एक जुना शब्द रूढ आहे : उपकारस्तुती. देवाचे उपकार स्मरून त्याचे स्तवन करणे, हा त्याचा अर्थ. सुगीत धान्याची रास समोर असताना हा शब्द सहज ओठांवर येतो. पण खळेच रिकामे असेल तर? सोलापूरच्या इतिहासात हा प्रश्न वारंवार उभा राहिला.

२/ सोलापूर हा पर्जन्यछायेचा मुलूख. १८६० मध्ये येथे रेल्वे आली, १८७१ मध्ये एकरूख तलाव पूर्ण झाला. तरीही १८७६-७८ च्या दुष्काळाने जिल्ह्याची दैना केली. १८७२ च्या तुलनेत १८८१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या घटलेली दिसते. पुढे १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दुष्काळ आले. त्यातच प्लेगची भर पडली.

३/ अमेरिकन मराठी मिशनचे काम सोलापुरात १८६० च्या दशकात सुरू झाले. शतकाअखेरच्या दुष्काळात या मिशनने अनाथ मुले सांभाळली. बायबलातील हबक्कूक संदेष्टा शेत पिकले नाही, गोठ्यात गुरे उरली नाहीत, तरी देवाठायी आनंद मानतो. सोलापूरच्या शेतकऱ्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नव्हते.

४/ याच पुणे-सोलापूर लोहमार्गावर केडगाव आहे. येथील मुक्ती मिशनच्या संस्थापिका पंडिता रमाबाई (१८५८-१९२२). १८७० च्या दशकातील दुष्काळात दक्षिणेत भटकताना त्यांचे आईवडील व बहीण दगावली. पुराणे सांगून पोट भरणाऱ्या या कुटुंबाने उपासतापास, दानधर्म, तीर्थयात्रा, सारे काही केले होते. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

५/ १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवांना घेऊन आल्या. भुकेने आपले घर गिळले, ही आठवण त्यांनी या मुलींच्या कामी आणली. त्यांच्या उपकारस्तुतीला असे शेत, स्वयंपाकघर आणि शाळेचे रूप आले. १९०० च्या सुमारास मुक्तीत दीड हजारांहून अधिक जणी राहत होत्या.

६/ मग ही कृतज्ञता म्हणजे मुकाट सोसणे होते का? १८९७ मध्ये पुण्यातील प्लेग-व्यवस्थेत स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध रमाबाईंनी मुंबईच्या ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहिले. त्याचे पडसाद ब्रिटिश संसदेपर्यंत उमटले. देवाचे आभार मानणारी ही बाई सरकारला मात्र जाब विचारत होती.

७/ येथे एक भेद ध्यानात घ्यावा. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौल सर्व परिस्थितीत उपकार माना असे सांगतो. प्रत्येक संकटाबद्दल उपकार माना, असे नव्हे. उपासमार ही देणगी नाही. धान्य असूनही ते भुकेल्यापर्यंत पोहोचत नाही, तेव्हा तिच्यात माणसांचा आणि राज्यकर्त्यांचा दोष असतो. तो दोष दाखवूनही देवावरचा भरवसा टिकतो.

८/ दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. भुकेल्याला अन्न देताना धर्म दिला जातो, हा आक्षेप त्या काळी तीव्र होता. शारदासदनावरून रमाबाईंवरही टीकेची झोड उठली. अन्न देणारा आणि घेणारा यांच्यात सत्तेचे अंतर असते, म्हणून हा प्रश्न इतिहासाने टाळू नये. मात्र रमाबाई स्वतः एके काळी त्या घेणाऱ्यांच्या रांगेतल्याच होत्या.

९/ १९२१ मध्ये त्यांची एकुलती कन्या आणि सहकारी मनोरमा निवर्तली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू व ग्रीकवरून, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत, बायबलचे भाषांतर करीत होत्या. लेक गेल्यावरही त्यांनी ते काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावात त्यांचा देह पडला. मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे. सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले, की केडगाव स्थानक लागते.