मॉडबस आरटीयू : पीएलसीची सिरियल जोडणी आणि रजिस्टरांचे पत्ते

पीएलसी (प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर) आणि ऊर्जामापक, ड्राइव्ह, तापमान नियंत्रक यांच्यात माहितीची देवाणघेवाण करणारी संदेशपद्धती. अमेरिकेतील मॉडिकॉन कंपनीने ती १९७९ मध्ये आणली. औद्योगिक वसाहतींतल्या तंत्रज्ञाला ही पद्धती यायलाच हवी.

आरएस-४८५ या सिरियल जोडणीच्या दोन तारांवर साधारण १,२०० मीटरपर्यंत ३२ उपकरणे जोडता येतात. बॉड दर, पॅरिटी व स्टॉप बिट सर्वांचे एकसारखे आणि प्रत्येकाचा क्रमांक (१ ते २४७) वेगळा असावा लागतो. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोधक लावतात. दोन संदेशांमध्ये किमान साडेतीन अक्षरांइतकी शांतता लागते. ९६०० बॉडला ती सुमारे ४ मिलिसेकंद भरते.

खरी गफलत रजिस्टरांच्या, म्हणजे उपकरणात मूल्ये साठवणाऱ्या जागांच्या, पत्त्यांत होते. माहितीपत्रकात ४०१०८ छापलेले होल्डिंग रजिस्टर तारेवरून १०७ म्हणून जाते, कारण पहिला ४ हा आकडा फक्त प्रकार सांगतो आणि मोजणी शून्यापासून होते. काही उत्पादक मात्र थेट शून्याधारित पत्ताच छापतात. एका क्रमांकाने चुकले, तर व्होल्टेजच्या जागी भलतीच राशी दिसते, आणि त्रुटीचा संदेशही येत नाही. दशांश (फ्लोट) संख्या सहसा दोन रजिस्टरांत विभागलेली असते. त्यांचा क्रम उलटला की आकडा निरर्थक होतो. म्हणून पॅनेल सुरू करताना उपकरणाच्या पडद्यावरील एखाद्या ज्ञात मूल्याशी वाचन आधी ताडून पाहावे.