महिला फुटबॉल, विद्यापीठीय (वऱ्हाड)

अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांतून संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा संघ निवडला जातो. विद्यापीठ 1 मे 1983 चे. त्याआधी अमरावती जिल्ह्यातल्या चांदूर रेल्वे गावची एखादी मुलगी मैदानात उतरली असती, तर ती नागपूर विद्यापीठाची खेळाडू ठरली असती.

वऱ्हाडाला खेळांचे वावडे कधीच नव्हते. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिके केली. पण हा मुलूख मल्लखांब, कबड्डी नि खो-खोचा. विदर्भात फुटबॉल मुरला तो कामठीच्या छावणीकडे. शिवाय काळी जमीन: पावसाळ्यात बुटाला चिकटते, हिवाळ्यात भेगाळते. मुरूम टाकून दाबल्याशिवाय चेंडू सरळ जात नाही.

मुलींपर्यंत हा खेळ उशिरा आला. त्याचा दोष एकट्या वऱ्हाडाला देता येत नाही. खुद्द इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने 1921 मध्ये आपल्या क्लबांची मैदाने बायकांना बंद केली आणि ती बंदी जवळपास पन्नास वर्षे टिकवली. भारतात महिलांची वेगळी संघटना 1975 मध्ये निघाली. पुढे कालिकतच्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघ उपविजेता ठरला. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने हा कारभार हाती घेतला तो नव्वदच्या दशकात.

चांदूरहून अमरावती तीसेक किलोमीटर. रेल्वेने निघाले तर बडनेऱ्याला उतरायचे. विद्यापीठाच्या संघाची वाट मात्र लांबची. आधी आंतरमहाविद्यालयीन सामने, मग निवड चाचणी, सराव शिबिर आणि त्यानंतर पश्चिम विभाग. तिथे महाराष्ट्राबरोबर गुजरात, गोवा, राजस्थान अशा राज्यांतली विद्यापीठे समोर असतात आणि पहिल्या चारांत आल्याशिवाय अखिल भारतीय स्पर्धेचे दार उघडत नाही. संघात नाव लागले की मुलगी 'कलर होल्डर' होते. कॉलेजात या बिरुदाचा रुबाब पदकाहून कमी नसतो.

विद्यापीठाच्या जर्सीला इथे जास्तीचे मोलही आहे. क्रिकेटमध्ये विदर्भाचा स्वतंत्र रणजी संघ आहे. फुटबॉलमध्ये अख्खा महाराष्ट्र एकाच राज्य संघटनेखाली येतो. त्यामुळे जिल्ह्याच्या पलीकडचा आणि राज्याच्या अलीकडचा असा, पाचही जिल्ह्यांच्या मुलींना एकत्र खेळवणारा संघ विद्यापीठाचाच.

अमेरिकेत विद्यापीठांचे संघ हाच राष्ट्रीय संघाचा पाया ठरला. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा महिला संघ 1979 मध्ये उभा करणारे अॅन्सन डोरन्स 1991 च्या पहिल्या महिला विश्वचषकात विजेत्या अमेरिकन संघाचे प्रशिक्षक होते. भारतात मात्र महिला फुटबॉलमध्ये मक्तेदारी मणिपूर राज्याच्या संघाची. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धेच्या करंडकाला आता राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा बुलडाणा जिल्ह्यात, म्हणजे याच विद्यापीठाच्या हद्दीत येते. पण त्या करंडकासाठी वऱ्हाडच्या मुलीला खेळायचे ते महाराष्ट्राच्या संघातून.